निवेदक काढला, पण बातमीदार वाढले का?

टीव्हीवरच्या बातम्यांतून निवेदकाची खुर्ची काढली की स्थानिक बातम्यांना जास्त वेळ मिळतो, असं काही जण म्हणतात. मला ते अर्धंच पटतं. अमेरिकेत हे करून झालंय. ह्यूस्टनच्या केआयएएच वाहिनीने २०११ मध्ये ‘न्यूजफिक्स’ सुरू केलं. पडद्यावर निवेदक नाही, नुसती दृश्यं आणि मागून आवाज. २०१८ मध्ये ते बंद झालं.

त्याआधी १९६५ साली फिलाडेल्फियाच्या केवायडब्ल्यू वाहिनीवर अल प्रिमो यांनी ‘आयविटनेस न्यूज’ आणलं होतं. त्यात निवेदक होताच, पण बातमीदार स्वतः कॅमेऱ्यासमोर येऊन आपली बातमी सांगायचा. मला हा बदल जास्त मोलाचा वाटतो, कारण जो जागेवर जाऊन आला त्याच्याच तोंडून ऐकायला मिळतं.

निवेदकाचं खरं काम कळतं ते पूर किंवा मोठी आग लागते तेव्हा. चार ठिकाणांहून चार वेगळ्या गोष्टी येत असतात. त्या वेळी ‘हे पक्कं आहे, हे अजून तपासतोय’ असं थेट सांगणारं कुणीतरी लागतं. आधी ध्वनिमुद्रित केलेले तुकडे जोडून ते होत नाही. आणि काल चुकीची बातमी गेली असेल, तर आज ती दुरुस्त करायला समोर कोण येणार?

वाचलेल्या पगारातून न्यायालयात, नगरपालिकेच्या सभेत बसणारे दोन बातमीदार जास्त मिळणार असतील, तर माझा या बदलाला मनापासून पाठिंबा आहे. पण एकाच बातमीदाराने चित्रीकरण, संकलन, निवेदन सगळं करायचं आणि माणसं तेवढीच, असं असेल तर मात्र अजिबात नाही.