मदत हवी आहे: मिनेसोटातल्या घरात थंडीआधी उंदरांच्या वाटा कशा बंद कराव्यात?

घर मिनिआपोलिसच्या उपनगरात आहे. लाकडी सांगाडा, व्हिनाइल साइडिंग (बाहेरून प्लास्टिकच्या पट्ट्यांचं आवरण), दर्शनी भिंत विटांची, गराज घराला जोडलेलं, खाली बेसमेंट. फर्नेसजवळ (घर गरम करणारी भट्टी) आणि गराजमध्ये तांदळाच्या दाण्याएवढ्या काळ्या लेंड्या सापडतात, अ‍ॅटिकमधल्या (छताखालच्या पोटमाळ्यातल्या) इन्सुलेशनमध्ये बोगदे पडलेत. एसीचा पाइप भिंतीत शिरतो तिथलं सीलंट सुटलंय, गराजच्या दाराचं रबर दोन्ही कोपऱ्यांत झिजलंय. विटांच्या तळाशी उभ्या फटी आहेत, फर्नेसचे दोन प्लास्टिक पाइप बाहेर उघडे आहेत, कपडे वाळवायच्या ड्रायरची बाहेरची झडप नीट मिटत नाही. यातलं काय कशाने बुजवायचं आणि काय अजिबात बुजवायचं नाही? विषाच्या वड्या ठेवाव्यात का?

(उत्तर देणाऱ्यांची टोपणनावं: ओळंबा, तळमजला, शिशिर.)

ओळंबा

लेंडी ३ ते ६ मिमी आणि टोकदार असेल तर लहान उंदीर. सेंटिमीटरपेक्षा मोठी आणि बोथट असेल तर रॅट, म्हणजे मोठा उंदीर, त्याची तयारी वेगळी. लहान उंदराला ६ मिमीची फट पुरते, म्हणून भोकं शोधताना पेन्सिल हातात ठेवा. पेन्सिल आत गेली की उंदीरही जाणार.

नुसता फुगणारा स्प्रे फोम मारू नका. गार हवा थांबते, पण उंदीर तो सहज कुरतडतात. साधी स्टील वूल ओलाव्याने गंजते, भुगा होतो, साइडिंगवर तांबूस ओघळ येतात. तांब्याची किंवा स्टेनलेसची जाळी घ्या. ती ५ सेंमी खोल ठासायची, ओढली तर निघता कामा नये. तोंडाशी सेंटिमीटरभर जागा सोडून वर बाहेरच्या कामाचं पॉलियुरेथेन सीलंट. एसी, गॅस आणि विजेच्या पाइपांभोवती हेच करा. मोठ्या भोकांना पाव इंची छिद्रांची जस्ती जाळी स्क्रूने ठोका.

व्हिनाइल साइडिंगचे कोपऱ्याचे पोकळ खांब तुमच्या यादीत नाहीत. घराच्या कोपऱ्यावर गुडघे टेकून खालून वर पाहा, नळीसारखं तोंड दिसेल. उंदीर त्यातून थेट छतापर्यंत चढतात, तुमच्या अ‍ॅटिकमधले बोगदे बहुधा इथूनच सुरू होतात. तिथे फक्त जाळी भरा, सीलंट नको. आतलं पाणी खाली निथळायला हवं.

विटांच्या उभ्या फटींचंही तसंच. त्या भिंतीमागचं पाणी बाहेर पडण्यासाठी मुद्दाम ठेवलेल्या असतात. सिमेंटने बुजवल्या तर पाणी मागेच अडकतं आणि लाकूड कुजतं. स्टेनलेस जाळी सैलसर सरकवून ठेवा.

तळमजला

फर्नेसच्या पाइपांना बारीक जाळी लावू नका, हे कळकळीने सांगते. बाहेर येणारा धूर दमट असतो. उणे २० अंशांच्या रात्री जाळीवर बर्फ धरतं, पाइप तुंबतो, प्रेशर स्विच फर्नेस बंद करतो, आणि घरात कार्बन मोनॉक्साइड साठण्याचाही धोका असतो. उत्पादकाने त्याच मॉडेलसाठी दिलेली जाड जाळीच चालते. पाइपाच्या *भोवतीची* फट मात्र नक्की बुजवा.

ड्रायरलाही जाळी नको. तंतू अडकून आग लागू शकते. मिटणारी नवी झडप बसवा.

शिशिर

विष नको. उंदीर भिंतीच्या पोकळीत मरतो, मग वास आठवडेच्या आठवडे जात नाही. शिवाय दुकानातल्या बऱ्याच वड्यांत ब्रोमेथॅलिन नावाचं विष असतं, त्यावर उतारा नाही. कुत्रा किंवा रांगतं मूल असलेल्या घरात तर विषय तिथेच संपला.

साधे स्प्रिंगचे सापळे, एकदम १० ते १२. एकदोन लावून काही होत नाही: मादी तीन आठवड्यांत विते आणि एका वेळी पाचसहा पिल्लं होतात. सापळा भिंतीला काटकोनात, आमिषाची बाजू भिंतीकडे, कारण उंदीर भिंतीला घासून पळतो. दोन सापळ्यांत २ ते ३ मीटर अंतर. पीनट बटर मटाराच्या दाण्याहून कमी. जास्त लावलं तर कडेने चाटून निघून जातो. थंडीत घरट्यासाठी मऊ वस्तू गोळा करतात, म्हणून चापाला सुती दोरा गुंडाळून बांधला तरी ओढायला येतात. दोनतीन दिवस काही मिळालं नाही तर जागा बदला. बाहेरची भोकं बुजवायच्या दिवशीच आत सापळे लावा, नाहीतर कोंडलेले उंदीर स्वयंपाकघराकडे वळतात.

न ऐकू येणाऱ्या आवाजाने उंदीर पळवण्याचा दावा करणाऱ्या अल्ट्रासॉनिक यंत्रावर पैसे घालवू नका. २००१ मध्ये फेडरल ट्रेड कमिशनने (ग्राहकांचं हित पाहणारी अमेरिकी सरकारी संस्था) ६० हून अधिक उत्पादक-विक्रेत्यांना त्यांच्या दाव्यांबद्दल इशारे दिले होते.

तळमजला

लेंड्या झाडू नका, व्हॅक्युमही नको. पांढऱ्या पोटाचा आणि दुरंगी शेपटीचा डिअर माऊस असेल तर धुळीतून हंटाव्हायरसचा (उंदरांपासून माणसाला होणारा गंभीर आजार) धोका आहे. दारं-खिडक्या उघडून अर्धा तास बाहेर थांबा, हातमोजे घाला, एक भाग ब्लीच नऊ भाग पाण्यात मिसळून फवारा, पाच मिनिटं भिजू द्या, मग कागदी टॉवेलने उचला.

गराजमध्ये तांदळाची २० पौंडी पोती, कणीक किंवा पक्ष्यांचे दाणे असतील तर आजच घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात हलवा. पातळ प्लास्टिकचे डबे ते पोखरतात.

प्रश्नकर्ता

आभार. एकच शनिवार-रविवार हाताशी असेल तर क्रम काय ठेवू? रात्री तापमान शून्याखाली जायला लागलंय.

ओळंबा

आधी गराजचं रबर आणि दोन्ही कोपरे, मग गराजमधून घरात येणाऱ्या दाराखालची पट्टी. त्यानंतर एसीचा पाइप, मग साइडिंगचे खांब. विटांच्या फटी शेवटी, त्यांत फक्त जाळी असल्याने थंडीतही जमतात. सीलंट दुपारी लावा. बहुतेक प्रकारांना ५ अंशांच्या वर तापमान लागतं, कमी चालणारं हवं असेल तर ट्यूबवर तसं छापलेलं पाहून घ्या. ट्यूब आदल्या रात्री घरात ठेवा, गार सीलंट ते दाबून काढायच्या बंदुकीतून निघत नाही आणि ओल्या किंवा दव धरलेल्या भिंतीला चिकटतही नाही.