चर्चमधे सगळं करते पण आनंदच वाटत नाही, कोणाला असं झालंय का?

हडपसरची_आल्टो
सलाम सगळ्यांना. लहानपणापासून चर्चमधेच वाढले, क्वायरमधे आल्टो गाते, संडे स्कूल बघते, तरुण संघाचा हिशोबही माझ्याकडेच, पण बरेच महिने झाले आतून पार कोरडं वाटतंय. प्रार्थनेला बसलं की ऑफिसची कामं आठवतात. प्रभुभोजनाची भाकर हातात असते आणि डोक्यात काय तर मघाशी टेनरमधे बेसूर कोण गेलं. मोठ्या संजीवन सभेला (रिव्हायवल, म्हणजे थंड पडलेला विश्वास पुन्हा जागवायची सभा) पण जाऊन आले, रडले वगैरे, आठवडाभर मस्त वाटलं नि मग पुन्हा जैसे थे. चर्चमधल्या एका ज्येष्ठ बाईंना विचारलं तर म्हणाल्या अजून उपास कर. उपदेश नकोय प्लीज, काहीतरी धरता येईल असं सांगा.

खडकी_किंग
ताई स्पष्ट बोलतो, राग मानू नका. कुठेतरी लपवलेलं पाप असणार. बायबलमधलं स्तोत्र 51 वाचा, दावीद राजाचा तारणाचा हर्ष पापामुळेच गेला होता, कबूल केलं मग परत मागितला.

जुना_पंचहौदकर
अरे खडकी, दाविदाचं प्रकरण बथशेबाचं, दुसऱ्याच्या बायकोचं होतं, या पोरीचं संडे स्कूलचं आहे! आनंद गेला म्हटलं की लगेच पाप शोधायला निघायचं ही आपल्याकडची जुनी खोड. बायबलमधे 1 राजे 19 उघड. कर्मेल डोंगरावर आग उतरली, एवढा मोठा विजय झाला, आणि पुढच्याच अध्यायात एलीया संदेष्टा रतामाच्या झुडुपाखाली मरण मागत बसलाय. देवदूतानं त्याची झडती घेतली का? ऊठ, खा म्हणाला. निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाणी, खाऊन परत झोपला, परत उठवून खायला घातलं, मग कुठे होरेब डोंगराची वाट. बाळ, तू स्वतःच लिहिलेली कामांची यादी परत वाच, आणि ती हिशोबाची वही आधी दुसऱ्याच्या हातात दे.

केडगाव_लाईन
पंचहौदकर काकांना अनुमोदन. पंडिता रमाबाईंचं सगळे फक्त 1905 चं संजीवन सांगतात, त्याच्या आधीचं कोणी काढत नाही. 1883 ला इंग्लंडमधे बाप्तिस्मा झाला, पुढे शारदा सदन काढलं, ते पुण्यात आणलं, विधवा मुलींचं एवढं मोठं काम उभं केलं, आणि 1907 च्या साक्षीत स्वतःच लिहितात की आठ वर्षांनी कळलं, ख्रिस्ती धर्म मिळाला होता पण ख्रिस्त मिळाला नव्हता. रमाबाई हे म्हणतात तर तुम्ही कशाला लाजता. आणि ते 1905 चं पण एका वीकेंडला झालेलं नाही हो, जानेवारीपासून त्यांच्या केडगावच्या मुक्ती मिशनमधल्या मुली रोज त्यासाठी प्रार्थनेला जमत होत्या, तेव्हा जूनमधे आलं.

वसईचा_पुण्यात
मी कॅथलिक, चालेल ना इथे? आमच्यात संत इग्नेशियसचे (जेझुइट संघाचे संस्थापक) नियम आहेत अशा कोरड्या दिवसांसाठी. एक म्हणजे चांगल्या काळात घेतलेला निर्णय अशा वेळी फिरवायचा नाही. दुसरं, प्रार्थना नकोशी झाली तर कमी करायची नाही, उलट थोडी जास्त बसायचं. आणि रात्री झोपताना दिवस उलटा फिरवून बघायचा, कशाबद्दल आभार मानावेसे वाटले, देव कुठे जवळ वाटला, कुठे आपण लांब गेलो. मी हे बसमधे करतो, वाघोलीपर्यंत ट्रॅफिक असतोच.

हडपसरची_आल्टो
@वसईचा_पुण्यात चालेल काय, धावेल. पण निर्णय फिरवायचा नाही म्हणता आणि काका म्हणतात वही देऊन टाक, मग करू काय?

वसईचा_पुण्यात
वही घ्यायचा निर्णय तुमचा होता का?

हडपसरची_आल्टो
छे, त्या मीटिंगला बाकी कोणी आलंच नव्हतं 😅

जुना_पंचहौदकर
झालं तर मग. दे.

खडकी_किंग
बरं माझं जरा जास्तच झालं ताई. पण स्तोत्र 51 वाचाच, आनंद मागायचा असतो एवढं तरी त्यात आहे.

हडपसरची_आल्टो
हे पटलं. आजवर मी सभेत, गाण्यात शोधत होते, सरळ मागितला नव्हता. @केडगाव_लाईन मुक्ती मिशनला असंच जाता येतं का?

केडगाव_लाईन
आधी फोन करून विचारा. दौंडची गाडी पकडा, केडगाव स्टेशन त्याच लाईनवर आहे. आणि कृपा करून अख्खी क्वायर घेऊन जाऊ नका, नाहीतर तिथे पण तुम्हालाच डब्यांचा हिशोब ठेवावा लागेल.