९ ऑगस्टला रेला स्टेजवर घ्यायचा की खाली मैदानात?

धानोऱ्याकडची
जय सेवा. आमच्या गावात (धानोरा तालुका, गडचिरोली) ९ ऑगस्टला, जागतिक आदिवासी दिनाच्या रात्री, आदिवासी गाण्यांचा कार्यक्रम आहे. आधी आजीच्या वयाच्या बायांचा रेला (आमचं गोंडी नाच-गाणं), मग आम्हा पोरापोरींची स्वतः लिहिलेली गोंडी गाणी, सोबत गिटार आणि कीबोर्ड. डेकोरेशनवाला तीन फूट उंच स्टेज बांधतो म्हणतो. मला नको वाटते.

गेल्या वर्षी एका कार्यक्रमात आजीला आणि तिच्या सोबतिणींना स्टेजवर रांगेत उभं केलं, समोर माइकचा दांडा. रेला तर हातात हात धरून गोलात म्हणायचा. इकडच्यांनी ओळ टाकायची, तिकडच्यांनी उचलायची. रांगेत कोण कोणाचं तोंड पाहणार? आजी मध्येच थांबली. खाली उतरल्यावर पदराला हात पुसत राहिली, बोलली काहीच नाही. ते हात माझ्या डोळ्यांपुढून जात नाहीत.

मैदानात गोल धरला तर आवाज मागपर्यंत जाईल का? आणि रेल्याला कीबोर्ड लावावा का? आमची पोरं लावू म्हणतात.

वडसा साउंड
ताई, दिवाळीपासून होळीपर्यंत मी झाडीपट्टीच्या (इकडच्या पूर्व विदर्भातल्या) नाटकांना साउंड लावतो. गोल मोडू नका. मधोमध बांबू गाडा, त्याला बायांच्या तोंडाच्या उंचीवर चार माइक चारी दिशांना बांधा. स्पीकरचे बॉक्स गोलाच्या बाहेर, तोंड लोकांकडे, माइककडे पाठ. नाहीतर माइक शिट्टी मारतोच. ढोलाला माइक देऊ नका, त्याचा आवाज तसाही गावाबाहेर जातो. पावसाळी हवेत चामडं सैल पडते, म्हणून जवळ शेकोटी पेटती ठेवा. बांबूवर ताडपत्री विसरू नका.

कोरकू पोरगा, धारणी
मी कीबोर्ड वाजवतो. आमच्या गादली-सुसून नाचाच्या गाण्यांना लावून पाहिला, पहिल्यांदा पार बिघडलं. बासरीचा सूर तिच्या बांबूवर ठरतो, कीबोर्डच्या पट्टीवर नाही. म्हणून आधी म्हाताऱ्यांना गाऊ द्या, त्यांचा सूर धरून कीबोर्डची पट्टी सरकवा (ट्रान्सपोज करा). कीबोर्डचा तयार बीट मात्र अजिबात नको. नाचता नाचता लय चढते, मशीन तिथंच राहते आणि पाय अडखळतात.

गुरुजी (निवृत्त), कुरखेडा
बाई, निवेदन गोंडीतूनच करा. २०११ च्या जनगणनेत गोंडी बोलणारे जवळपास ३० लाख, तरी भाषा संविधानाच्या आठव्या अनुसूचीत नाही. आपल्या मैदानात तरी ती माइकवर पहिली यावी. पोरांना दिवसाचं कारणही सांगा: १९८२ मध्ये याच तारखेला आदिवासींच्या प्रश्नांवरच्या संयुक्त राष्ट्रांच्या कार्यगटाची पहिली बैठक झाली, आणि १९९४ मध्ये हा दिवस ठरला. रोवणीचे दिवस आहेत, बाया दिवसभर चिखलात वाकलेल्या असतील. जेवणं होऊ द्या, नऊच्या आधी सुरू करू नका. आणि कीबोर्डचं आम्हाला काय विचारता? गाणारीला विचारा.

धानोऱ्याकडची
गुरुजी, काल चुलीपाशी आजीला विचारलं. रेल्यात पेटी (कीबोर्ड) नको म्हणाली. मग थोड्या वेळानं स्वतःच म्हणाली, शेवटच्या गाण्याला त्या गिटारवाल्या पोराला गोलात घ्या, पण चपला काढून येऊ दे. स्टेज रद्द केलं. वडसावाले दादा, त्या पोराच्या गिटारची वायर दहाच फूट आहे. गोलासोबत फिरता येईल एवढी लांब वायर भाड्यानं मिळते का?