लेनिन, हो चि मिन्ह आणि आमराई

परदेशी पुढाऱ्याचा पुतळा आपल्या बागेत कशाला, असा इथल्या चर्चेत बऱ्याच जणांचा सूर दिसतोय. दिल्लीच्या नेहरू पार्कात सोव्हिएत संघाचा संस्थापक लेनिन १९८७ पासून उभा आहे. सोव्हिएत संघ १९९१ मध्ये गुंडाळला गेला, पुतळा मात्र जागेवरच. कोलकात्यात तर अमेरिकी वकिलात ज्या रस्त्यावर आहे त्यालाच अमेरिकेशी लढणाऱ्या उत्तर व्हिएतनामच्या नेत्याचं, हो चि मिन्हचं नाव दिलं, तेही व्हिएतनाम युद्ध चालू असताना. मुद्दाम काढलेली खोडी, दुसरं काय!

आणि परदेशी म्हणून नाक मुरडायचं, तर जपानच्या कोयासान विद्यापीठात २०१५ साली बाबासाहेबांचा पुतळा बसला तेव्हा आपली छाती फुगली होतीच की.

माझी हरकत वेगळी आहे. पुतळा कुणाचाही असो, अनावरणाला मंडप, जयंतीला हार, आणि मग तो हार वाळून काळा पडेपर्यंत तसाच लटकत राहतो. कोनशिलेवर उद्घाटकांची नावं ठळक, ज्याचा पुतळा त्याच्याबद्दल जेमतेम दोन ओळी. उद्या आमच्या सांगलीच्या आमराई बागेत कुणी परदेशी पाहुणा बसवायचाच असेल, तर आधी धूळ कोण पुसणार ते लेखी ठरवा. नगरसेवकांची यादी खुशाल पाठीमागच्या बाजूला लावा.