लँडस्टॉकर: हवेतले चौथरे नेमके आहेत तरी कुठे?

चौकटराजा: सेगा मेगा ड्राइव्ह या गेम कन्सोलवरचा लँडस्टॉकर (1992) पहिल्यांदाच खेळतोय. गोष्ट आवडली, पण तळघरांमधल्या उड्यांनी जीव नकोसा केलाय. चौथरा समोर दिसतो, उडी मारली की खेळाचा नायक नायजेल भलतीकडेच पडतो. हे जमवायचं कसं?

तिरकी_उडी: मला हा खेळ मनापासून आवडतो, म्हणून सविस्तर सांगते. आयसोमेट्रिक, म्हणजे वरून तिरकं पाहिल्यासारख्या चित्रात लांबची वस्तू लहान दिसत नाही. त्यामुळे जवळचा उंच चौथरा आणि मागचा बुटका चौथरा पडद्यावर अगदी एकाच जागी दिसू शकतात. त्यात उडी मारल्यावर नायजेलची सावली पडत नाही. सावली असती तर निम्मं काम झालं असतं, ही उणीव मला आजही खटकते.

मग करायचं काय? कोण कोणाला झाकतंय ते बघ. चौथऱ्यामागे गेल्यावर नायजेल झाकला गेला, तर चौथरा तुझ्या पुढे आहे. हाताशी पेटी असेल तर ती फेक, ती कुठे थांबते त्यावरून जागा कळते. आणि भिंतीला चिकटून चाल, म्हणजे निदान एका बाजूचा अंदाज पक्का होतो.

जुनाखेळगडी: नायजेल फक्त तिरक्या चार दिशांनीच चालतो ना? कंट्रोलर हातात थोडा तिरका धरा, बोटं लवकर सरावतात.

चौकटराजा: पेटीची युक्ती लागू पडली! हिरव्या खोलीतून बाहेर आलो.

तिरकी_उडी: छान! आता पुढच्या सरकत्या चौथऱ्यांवर घाई करू नकोस, एक फेरी नुसती बघ.