तुमचं मांजर आलं कुठून? (साताऱ्याकडचे अनुभव)

शेजारच्या ताईंनी पुण्याहून पर्शियन बोका आणला. किंमत ऐकून सासूबाई म्हणाल्या, "मांजर विकत? दूध देतं होय ते?" तर लिहा, तुमचं कसं आलं: विकत, दत्तक, उचलून, गळ्यात पडून. पिल्लू किती आठवड्यांचं होतं तेही सांगा. माझ्या मते मांजराचा निम्मा स्वभाव तिथंच ठरतो.

शाहूपुरी: आम्ही आणलंच नाही, तिच्या आईनं आणून ठेवलं. मांजर पिल्लांना सात घरं फिरवते म्हणतात, आमचं बहुधा सातवं. माळ्यावरच्या जुन्या गादीत सापडली, तिरंगी. डॉक्टर लांबूनच म्हणाले, भाटी असणार. केशरी रंगाचं जनुक एक्स गुणसूत्रावर असतं, त्यामुळं केशरी आणि काळा दोन्ही अंगावर असले की जवळपास नेहमी मादीच. पाचव्या महिन्यातसुद्धा गाभण राहू शकते आणि नऊ आठवड्यांत विते, हे कळल्यावर ऑपरेशन लगेच उरकलं.

कराडजवळून: आमचं आलं आणि गेलं. ऊसतोड चालू असताना फडात सरीत पिल्लू सापडलं. पोरं दुधाची वाटी घेऊन धावली. पण अंगावर तांबूस ठिपके, कपाळावर पांढऱ्या रेघा. मेहुण्याला शंका आली, त्यानं वनखात्याच्या १९२६ वर फोन लावला. वाघाटी निघाली! जगातल्या सगळ्यांत लहान रानमांजरांपैकी एक, पूर्ण वाढूनही दीड किलोच्या आसपास. १९७२ च्या वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, पाळणं गुन्हा. वनरक्षकानं दूध पाजू दिलं नाही. अंधार पडताना पिल्लू क्रेटमध्ये घालून त्याच सरीपाशी ठेवलं आणि आम्हाला पिटाळलं. रात्रीत आई घेऊन गेली. बिबट्याच्या बछड्यांचंही असंच करतात. तोडणीत पिल्लू दिसलं तर घरी आणू नका, आई जवळपासच असते.

गोडोली: दुकानातून, नाव लिहीत नाही. "दोन महिन्यांचं आहे" म्हणाला. डॉक्टरांनी दात बघून पाच आठवडे सांगितले. २०१८ च्या पेट शॉप नियमांप्रमाणे आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही. जुलाबातून वाचलं, पण अजून खेळताना कडकडून चावतं. किती जोरात चावायचं हे आई-भावंडांतच शिकतात म्हणे.

> धागाकर्ती: म्हणूनच वय विचारलं होतं!

वाई: ब्रीडरला, म्हणजे जातीची पिल्लं पैदा करून विकणाऱ्यांना, सरसकट नावं ठेवू नका. आमच्या ब्रीडर बाईंनी पिल्लाची आई दाखवली, बारा आठवडे होईपर्यंत पिल्लू दिलं नाही, लसीचे डोस झालेले होते. पर्शियनमध्ये मूत्रपिंडात सिस्ट (पाण्याच्या गाठी) होण्याचा आनुवंशिक आजार असतो, त्याची आईबापांची डीएनए चाचणी मागितली तर कागद पुढं केला. ब्रीडिंगचे २०१७ चे केंद्राचे नियम फक्त कुत्र्यांसाठी आहेत, तेव्हा मांजराची चौकशी आपणच करायची. कागद मागितल्यावर चिडणाऱ्याकडून घेऊच नये.

सदरबझार: दत्तक, व्हॉट्सॲप ग्रुपवरून. वयस्क, एका डोळ्याचा बोका. ग्रुपवाल्या बाई घर बघायला आल्या, खिडक्यांना जाळी लावून घेतली, घरमालकाची परवानगी विचारली. लग्नाच्या वेळी माझी एवढी चौकशी झाली नव्हती. पण बोका पहिल्या दिवसापासून शी-शूला मातीच्या ट्रेमध्येच जातो. पिल्लाचाच हट्ट का धरतात लोक?

कोरेगाव: आमच्याकडं हा प्रश्नच पडत नाही. ज्वारी आली की उंदीर, उंदीर आले की मांजर. सध्या कणगीमागं दोन पिल्लं आहेत, एक पांढरं, एक पट्टेरी. आत्ताशी डोळे उघडलेत, संक्रांतीनंतर देऊ. पट्टेरी भाटी आहे, नेणाऱ्यानं ऑपरेशनचं आधी कबूल करायचं. पिशवी नको, झाकणाची टोपली घेऊन या.