राणीबागेत सासूबाईंना घेऊन जायचंय, कसं करावं?

येत्या रविवारी सासूबाई आणि ६ वर्षांच्या लेकीला घेऊन भायखळ्याच्या राणीबागेत जायचा विचार आहे, आईंचे गुडघे दुखतात त्यामुळे बसायला जागा आहे का आणि पेंग्विन सोडून अजून काय बघण्यासारखं आहे? संग्रहालय करावं का?

---
ताई नक्की जा, पण रविवार नको हो, पेंग्विनच्या रांगेतच आई दमतील. बुधवारी बंद असतं, बाकी कुठल्याही दिवशी सकाळी उघडल्या उघडल्या जा. झाडांखाली बाकं आहेत, आम्ही बाबांना दर थोड्या वेळाने बसवत बसवत सगळं फिरवलं.

---
संग्रहालय अजिबात चुकवू नका!! भाऊ दाजी लाड, १८७२ चं, मध्ये फार वाईट अवस्था झाली होती, मग २००३ ते २००८ दुरुस्ती केली, युनेस्कोचं बक्षीसपण मिळालंय. आत शिरल्यावर आधी मान वर करून छत बघा, हिरवा रंग आणि सोनेरी नक्षी, माझी आई तर खांबाला हात लावून उभीच राहिली. बाहेर घारापुरीचा दगडी हत्ती आहे, इंग्लंडला न्यायच्या नादात तुटला होता, परत जोडलाय. लेकीला सांधे शोधायला सांगा.

---
आणि झाडं बघा हो, लोक प्राणी बघून निघून जातात. गोरखचिंचेचं खोड लेकीला कवेत घ्यायला सांगा, मावणारच नाही

---
खूप खूप आभार सगळ्यांचे, मंगळवारी सुट्टी टाकते मग